वापर : बसणे

पहिल्या नकाशात मी बारा बाय बारा काढलं होतं,
पूर्वेला अख्खी काच,
खाली कोयनेचं अडवलेलं पाणी दिसावं म्हणून.
इंदुमती ओंबळेंनी चष्मा लावून पाहिलं,
म्हणाल्या, "इथं डोळे उघडायचेत की मिटायचेत?"

एकतीस वर्षं साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात
त्यांनी लोकांना लोकांशी जोडून दिलं.
मयताचे कॉल, बारशाचे, बेळगावच्या अडत्याचे.
"बोला, लाइनवर आहेत" म्हणायचं
आणि आपण मधून निघून जायचं.
डाव्या कानात आता एक गुणगुण राहिलीय,
रिकाम्या लाइनीची.
"शांतता नको गं. शांत झालं की हेच वाजतं.
एका बाजूनं येणारा आवाज दे.
एकाच बाजूनं."

असं काही आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

बामणोलीहून लाँच, मग पाऊण तासाचा चढ.
टेप, होकायंत्र, फक्कीची पिशवी.
हिरड्याखाली त्या मांडी घालून बसल्या:
"आता मोज."
गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत सव्वादोन फूट.
मी भोवतीनं फक्की ओढली.
त्या उठल्यावर पाचोळ्यावर राहिलेला तो वाकडा गोल
मी मोबाइलमध्ये टिपून ठेवलाय,
अजून कधीकधी काढून बघते.

दगडू पार्टे गवंडी. गालात तंबाखू, बोलणं बेतानं.
पश्चिमेच्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाला,
"ही बुजवा. श्रावणात हितनं पाऊस आडवा येतो,
देव बसला तरी उठंल."
खिडकी गेली.
उत्तरेला ओढा होता. तिकडं हातभर झरोका,
बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.
उजव्या कानाच्या.
म्हणजे तोंड पश्चिमेच्या आंधळ्या भिंतीकडे, उगवतीला पाठ.
दगडू थांबला. "शास्त्रात बसत न्हाई, ताई."
"कानात बसतंय," त्या म्हणाल्या.

गुडघाभर जांभा, वर कारवीचा कूड,
शेणामातीचा हात.
सगळं ठरलं आणि वाडीतल्या सरूबाई सपकाळ
भारा उतरवून उभ्या राहिल्या.
"हितनं गवं उतरत्यात पाण्याला.
तुमी भित घाला नायतर किल्ला बांदा,
ते उतरणारच."
आम्ही फक्की पायानं मोडली
आणि सात पावलं वर सरकलो.
तिथं ओढा जरा पातळ ऐकू यायचा.
झरोका चार बोटं वाढवला.

ग्रामपंचायतीच्या फॉर्मवर रकाना होता : वापर.
त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : बसणे.
ग्रामसेवकानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे,
मग त्यांच्या वयाकडे.
"बसणे म्हणजे... तसलं बसणे?"
इंदुमतीबाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.
तो ओशाळला. ध्यान, चिंतन असला रकानाच नव्हता त्याच्याकडे.
शेवटी त्यानंच मार्ग काढला,
पट्टीही कमी बसते म्हणाला,
आणि लिहून टाकलं : गुरांचा गोठा, एक.

दिवाळीनंतर गेले.
आत एक बसकर, कोनाड्यात तांब्या. बस.
उत्तरेच्या भिंतीचा गिलावा मात्र
छातीच्या उंचीला घासून उडालेला,
खाली वाळलेला पो.
मी दगडूला फोन लावायला निघाले, तर म्हणाल्या, राहू दे.

"भाद्रपदात एका रात्री थांबतच नव्हता पाऊस.
एकजण येऊन टेकला भिंतीला.
मी आत, तो बाहेर, मध्ये चार बोटं माती.
झरोक्यातून नुसता श्वास. मोठा, सावकाश.
पहाटे ओढ्याकडं गेला."

आणि गुणगुण?

"त्या रात्री लाइन बिझी होती."

मी वहीत लिहून घेतलं :
गिलावा पुन्हा नको.
उत्तरेची वळचण दीड फुटानं वाढवणे.
तो अर्धा भिजला असणार.